घरी वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्रच होत असेल, तर वर्गीकरणाचा खटाटोप कशासाठी?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. ओला आणि सुका कचरा वेगवेगळ्या डब्यांत ठेवूनही गाडीत तो एकत्रच होत असेल, तर हे सगळे कशासाठी करायचे; आणि दुधाची पिशवी, चिप्सचे पाकीट अशा वस्तू नेमक्या कोणत्या डब्यात टाकायच्या. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत कचऱ्याची व्यवस्था काही वर्षे माझ्याकडे होती, त्या अनुभवावरून सांगतो.

आपली तक्रार खोटी नाही. दोन्ही डबे एकाच हौद्यात रिकामे होताना मी स्वतः गॅलरीतून पाहिले आहे, आणि तक्रार केल्यावर चार दिवस सुधारणा होऊन पुन्हा ये रे माझ्या मागल्या झालेलेही पाहिले आहे. तरीही वर्गीकरण सोडू नये असे माझे मत आहे, कारण सुक्या कचऱ्याचे जे काही बरे व्हायचे असते ते बहुतेक वेळा गाडी येण्यापूर्वीच झालेले असते. पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून काम करते आहे, आणि तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी झालेल्या करारानुसार घरोघरी जाऊन कचरा गोळा करते. कचरा न्यायला येणाऱ्या ताई सुका कचरा तिथल्या तिथे निवडतात, त्यातला पुठ्ठा, बाटल्या, पत्र्याचे डबे बाजूला काढून भंगारच्या दुकानात विकतात, आणि ते पैसे त्यांच्या कमाईचा भाग असतात. कोरड्या पुठ्ठ्याला किलोवर भाव मिळतो. त्याच पुठ्ठ्यावर रात्रीची आमटी सांडली की तो कोणी घेत नाही. माझ्या लेखी वर्गीकरणाचा खरा अर्थ एवढाच आहे की सुके ते सुके राहिले पाहिजे. डब्याचा रंग हिरवा की निळा, हा त्यापुढे फारच किरकोळ प्रश्न आहे.

आता वस्तूंविषयी. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेले अन्न आणि निर्माल्यातली फुले ओल्या डब्यात जातात, याबद्दल कोणाचा वाद नसतो (हारातला दोरा मात्र आधी काढावा). दुधाची पिशवी सुक्या डब्यात टाकायची, पण विसळून आणि उलटी वाळवून. ती कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, नुसती चीर द्यावी, कारण तो एवढासा तुकडा पुढे कोणाच्याही हाती लागत नाही. चिप्सच्या पाकिटात प्लास्टिकचा आणि चंदेरी थर एकमेकांना असे घट्ट चिकटलेले असतात की ते वेगळे करणे परवडत नाही, त्यामुळे भंगारवाला ते घेत नाही. तरीही ते सुक्यातच टाकावे, कारण असा माल सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून वापरता येतो, आणि ओल्यात गेला तर खताची नासाडी होते. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो रद्दीत घालू नये.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी घरात दोन नव्हे, तर तीन भाग करायला सांगितले होते. संपलेले सेल, मुदत उलटलेली औषधे, पारा असलेल्या दिव्यांच्या नळ्या हा तिसरा, घातक भाग होय. तो निराळ्या पिशवीत साठवून संकलनाच्या दिवशी द्यावा. वापरलेले डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर ठळक लाल ठिपका काढावा. ही पुण्यातल्या कचरावेचकांचीच मागणी होती आणि ती रास्त आहे, कारण पुडीत काय आहे हे कळण्यासाठी त्यांना ती हाताने उघडावी लागू नये. फुटलेल्या काचाही अशाच जाड कागदात बांधून, वर तसे लिहून द्याव्यात.

राहिला गाडीचा प्रश्न. गाडी मला सुधारता आली नाही, म्हणून आम्ही ओला कचरा फाटकाबाहेर पाठवणेच बंद केले. हा कचरा डेपोत ढिगाखाली हवेशिवाय कुजतो, तेव्हा त्यातून मिथेन वायू निघतो आणि काळे पाणी झिरपते. पुण्याच्या कचरा डेपोलगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या ग्रामस्थांनी त्या दुर्गंधीविरुद्ध आणि नासलेल्या विहिरींसाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली आहेत. ओल्या कचऱ्याचे घरापुरते खत करायचे असेल तर झाकणाची, तळाला आणि बाजूंना भोके असलेली एक बादली पुरते. प्रत्येक ओल्या थरावर मूठ-दोन मुठी वाळलेला पालापाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालावे, आणि दर तीन-चार दिवसांनी काठीने वरखाली करावे. वास आला तर ओल जास्त झाली असे समजून पाचोळा वाढवावा. काहीच घडत नसेल तर थोडे आंबट ताक शिंपडावे. लिंबाच्या साली आणि तेलकट अन्न सुरुवातीला कमीच घालावे. पुण्याच्या हवेत साधारण दोन-तीन महिन्यांत काळपट, मातीचा वास असलेले खत हाती येते, मात्र पावसाळ्यात त्याला अधिक वेळ लागतो.