वाचकांचे प्रश्न : घरच्या संगणकावरची वेबसाइट सर्व्हरवर नेताना

प्रश्न : आमच्या साड्यांच्या दुकानाची वेबसाइट झॅम्पवर (घरच्या संगणकालाच सर्व्हर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) वर्डप्रेसमध्ये तयार आहे. डोमेन आणि सीपॅनलचे (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायच्या पॅनेलचे) होस्टिंग घेतले आहे. साइट तिकडे न्यायचा बिनधोक क्रम कोणता? ऑनलाइन पेमेंटही सुरू करायचे आहे.
– एक वाचक, गांधीबाग

उत्तर : काहीही अपलोड करण्याआधी पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेवर चालते तिची, आवृत्ती जुळवून घ्या. झॅम्पवर 8.2 असेल आणि होस्टिंगवर 7.4, तर एखादे प्लगइन थेट पांढरे पान दाखवेल आणि तुम्ही भलतीकडेच चूक शोधत बसाल. सीपॅनलमध्ये आवृत्ती दोन क्लिकमध्ये बदलते.

मग झॅम्पच्या एचटीडॉक्समधले साइटचे फोल्डर झिप करा, सीपॅनलच्या फाइल मॅनेजरमधून साइट जिथून दिसते त्या ‘पब्लिक एचटीएमएल’ फोल्डरमध्ये चढवा आणि तिथेच उघडा. फोल्डरमधल्या फाइली थेट मुळाशी हव्यात, आणखी एका फोल्डरच्या आत नकोत. एफटीपीने हजारो छोट्या फाइली एकेक करून पाठवू नका. मध्येच कनेक्शन तुटले तर चार-दोन फाइली अर्धवट राहतात आणि त्या नेमक्या कोणत्या हे कळत नाही. फोल्डरांना 755 आणि फाइलींना 644 परवानगी ठेवा. काही अडले की 777 देऊन टाका असा सल्ला सर्रास मिळतो, तो मानू नका. त्याने सर्व्हरवरच्या कुणालाही तुमच्या फाइली बदलायची मोकळीक मिळते.

डेटाबेससाठी झॅम्पच्या पीएचपीमायअॅडमिनमधून (डेटाबेस हाताळायच्या साधनातून) एसक्यूएल फाइल एक्स्पोर्ट करा. सीपॅनलमध्ये रिकामा डेटाबेस व युजर तयार करा आणि युजरला त्या डेटाबेसचे सर्व अधिकार द्या. ही शेवटची पायरी हमखास राहते आणि मग डेटाबेसशी संपर्क होत नसल्याची चूक येते. सीपॅनल दोन्ही नावांच्या आधी तुमच्या खात्याचे नाव जोडते. वर्डप्रेसच्या ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलमध्ये तेच पूर्ण नाव लिहा. मग सर्व्हरवरच्या पीएचपीमायअॅडमिनमधून ती एसक्यूएल फाइल या डेटाबेसमध्ये इम्पोर्ट करा. त्या वेळी फाइल मोठी असल्याची तक्रार आली तर एक्स्पोर्टच्या वेळी जीझिप पर्याय निवडा, आकार बराच उतरतो.

आता सगळ्यात नाजूक काम. डेटाबेसमध्ये जागोजागी लोकलहोस्टचा, म्हणजे घरच्या संगणकाचा, पत्ता बसलेला असतो. एसक्यूएल फाइल नोटपॅडमध्ये उघडून तो ‘रिप्लेस ऑल’ करण्याचा मोह टाळा. वर्डप्रेस विजेट आणि थीमच्या सेटिंग ज्या पद्धतीने साठवते, तीत प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी बाइट्समध्ये नोंदलेली असते. रोमन अक्षरांत ‘एचटीटीपी://लोकलहोस्ट’ एवढाच भाग 16 बाइट्सचा. त्या जागी वेगळ्या लांबीचे डोमेन आले आणि आकडा जुनाच राहिला, की वर्डप्रेसला ती नोंद वाचताच येत नाही. साइट उघडते, पण मेनूची मांडणी, स्लायडर, फूटर गायब होतात.

म्हणून आधी ‘ऑप्शन्स’ टेबलमधल्या ‘साइटयूआरएल’ आणि ‘होम’ या दोनच ओळी हाताने बदला. त्या साध्या मजकुराच्या आहेत, आणि त्या बदलल्याशिवाय लॉगिन करू गेलात तर ब्राउझर परत लोकलहोस्टवर पळतो. लॉगिन झाल्यावर ‘बेटर सर्च रिप्लेस’ प्लगइनने उरलेले पत्ते बदला. ते लांबीचा हिशेब सांभाळते. पहिली फेरी ‘ड्राय रन’ची करा आणि किती जागी बदल होणार ते बघा. एलिमेंटर (पाने मांडायचे प्लगइन) वापरत असाल तर त्याच्या टूल्समधला यूआरएल बदलण्याचा पर्यायही चालवा, कारण त्याच्या नोंदींत तिरप्या रेघा वेगळ्या तऱ्हेने लिहिलेल्या असतात आणि साध्या शोधात सापडत नाहीत.

मुखपृष्ठ दिसते पण आतली पाने 404 (‘पान सापडले नाही’) देतात, असे झाले तर ‘पर्मालिंक’ सेटिंगमध्ये जाऊन नुसते सेव्ह करा. पानांचे पत्ते वळवणारी एचटीअॅक्सेस फाइल नव्याने लिहिली जाते. ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना मनाई करणारी खूण असेल तर काढा. ती राहून गेली तर गुगलवर दुकान सापडणारच नाही.

पेमेंट गेटवेच्या टेस्ट आणि लाइव्ह किल्ल्या वेगळ्या असतात. लाइव्ह किल्ल्या केवायसी पूर्ण झाल्यावरच मिळतात, तेव्हा ते काम आधीच सुरू करा. गेटवेच्या डॅशबोर्डवर वेबहुकचा, म्हणजे पैसे आल्याची खबर गेटवे जिथे पाठवतो तो, नवा पत्ता द्यायला विसरू नका, नाहीतर ग्राहकाचे पैसे कटतील आणि तुमच्याकडे ऑर्डर ‘पेंडिंग’च राहील. स्वतः थोड्या रकमेची खरी खरेदी करा आणि रिफंडही करून पाहा.

शेवटी सर्व्हरवरची झिप आणि एसक्यूएल फाइल पुसा. पब्लिक फोल्डरमध्ये पडलेली एसक्यूएल फाइल नाव ओळखणाऱ्या कुणालाही उतरवून घेता येते, ग्राहकांच्या पत्त्यांसकट.

प्रश्न : कोचिंग क्लासची साइट सर्व्हरवर टाकली. काही फोटो दिसतात, काही नाही. लॅपटॉपवर सगळे दिसतात. कालपासून डोकं लावून राहिलो आहे.
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : तुमचा लॅपटॉप विंडोजचा असणार. विंडोज फाइलच्या नावातले लहान-मोठे रोमन अक्षर सारखेच मानते, लिनक्स सर्व्हर मानत नाही. मोबाइलमधून आलेल्या फोटोंच्या शेवटी अनेकदा ‘जेपीजी’ मोठ्या अक्षरांत असते आणि कोडमध्ये आपण ते लहान लिहितो. ब्राउझरमध्ये एफ12 दाबून नेटवर्क टॅबमध्ये 404 आलेली नावे पाहा आणि ती अक्षर न् अक्षर जुळवा. नावे जुळूनही फोटो येत नसेल तर सीएसएसमध्ये पत्त्याच्या सुरुवातीला घरच्या फोल्डरचे नाव राहिले आहे का ते तपासा.

प्रश्न : साइट हलवल्यावर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. इंग्रजी ठीक आहे.
– एक वाचक, महाल

उत्तर : प्रश्नचिन्हे म्हणजे बहुधा अक्षरे वाटेतच गेली. तसे असेल तर सर्व्हरवर काही दुरुस्त करता येणार नाही, मूळ डेटाबेसमधून पुन्हा एक्स्पोर्ट करा. एसक्यूएल फाइल मध्येच एडिटरमध्ये उघडून ‘एएनएसआय’मध्ये सेव्ह झाली किंवा सर्व्हरवरची टेबले लॅटिन1ची असली, की असे होते; अक्षरे साठवायच्या या जुन्या पद्धतींत देवनागरी मावत नाही. फाइल न उघडता इम्पोर्ट करा, कॅरेक्टर सेट यूटीएफ8एमबी4 ठेवा. याउलट प्रश्नचिन्हांऐवजी विचित्र रोमन चिन्हांची रांग दिसत असेल तर मजकूर बहुधा शाबूत असतो, फक्त चुकीच्या सेटने वाचला जात असतो.

इम्पोर्ट करताना 1273 क्रमांकाची चूक आली तर तुमचा डेटाबेस मायएसक्यूएल 8चा आणि सर्व्हर मारियाडीबीचा, म्हणजे डेटाबेसच्या वेगळ्या सॉफ्टवेअरचा, असण्याची शक्यता मोठी. फाइलच्या प्रतीत ‘यूटीएफ8एमबी4_0900_एआय_सीआय’ हे नाव ‘यूटीएफ8एमबी4_युनिकोड_सीआय’ने बदला आणि यूटीएफ-8मध्येच सेव्ह करा.

प्रश्न : ऑफिसची नवी साइट नव्या होस्टिंगवर न्यायची आहे. ईमेल मात्र एक मिनिटही बंद पडायला नको.
– एक वाचक, सीताबर्डी

उत्तर : मग नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या सगळ्या नोंदी सांभाळणारे सर्व्हर, बदलू नका. ते बदलले की ईमेलच्या एमएक्स आणि टीएक्सटी नोंदी मागे राहतात. फक्त ‘ए’ रेकॉर्डमध्ये (साइट कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या नोंदीत) नवा आयपी द्या. त्याचा टीटीएल (ती नोंद इतरत्र किती वेळ साठवायची तो आकडा) बहुतेकदा 14400 सेकंद, म्हणजे चार तास असतो. आदल्या दिवशीच तो 300 करा. बदलाच्या दिवशी केलात तर उपयोग नाही, जुना आकडा आधीच सगळीकडे साठलेला असतो.

जुना ‘एएएए’ रेकॉर्ड आहे का तेही बघा. तो आयपीव्ही6चा पत्ता असतो. तो राहिला तर ऑफिसच्या ब्रॉडबँडवर नवी साइट आणि जिओच्या मोबाइलवर जुनी, असा घोळ होतो. लेट्स एन्क्रिप्टचे एचटीटीपीएससाठीचे प्रमाणपत्रही अडते, कारण तपासणी आधी त्याच पत्त्यावर जाते.

प्रश्न : कॉलेजचा लारावेल (पीएचपीची फ्रेमवर्क) प्रोजेक्ट सर्व्हरवर 500, म्हणजे सर्व्हरमधली चूक, दाखवतो.
– एक विद्यार्थी, सदर

उत्तर : ‘स्टोरेज/लॉग्स’मधली लॉग फाइल वाचा, कारण तिथे स्पष्ट लिहिलेले असते. फाइलच नसेल तर ‘स्टोरेज’ आणि ‘बूटस्ट्रॅप/कॅशे’ या फोल्डरांत लिहायची परवानगी बहुधा नाही. गिटमधून कोड नेला असेल तर ‘एन्व्ह’ फाइल (पासवर्ड आणि सेटिंगची) बहुधा आलेलीच नाही, ती तिथे तयार करून अॅपची ‘की’ (गुप्त किल्ली) जनरेट करा. डोमेनचे मूळ फोल्डर ‘पब्लिक’ असायला हवे. अख्खा प्रोजेक्ट पब्लिक एचटीएमएलमध्ये ठेवला असेल तर पासवर्डांसकट एन्व्ह फाइल ब्राउझरमध्ये उघडू शकते. ती उघडत असेल तर जागा सुधारून थांबू नका, डेटाबेसचा पासवर्ड आणि सगळ्या किल्ल्या आजच बदला.