ट्रेलर डोलतो म्हणून बोट पुढे सरकवू नका

नमस्कार. वेग वाढला की ट्रेलर डावीउजवीकडे डोलू लागतो, तेव्हा कॅटामरान (दोन सांगाड्यांची शिडाची बोट) त्यावरच हातभर पुढे सरकवावी का, असे आपण विचारले आहे. मला नेमका हाच प्रश्न पडला होता आणि ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला त्यांनी (नाव घेत नाही) फोनवर अर्ध्या मिनिटात 'सरकवा की पुढे' असे सांगून तो निकालात काढला. डोलणे खरोखरच थांबले. मात्र एका हंगामात माझ्या हॉबी १६ या कॅटामरानचे दोन्ही हल (पाण्यावर तरंगणारे लांबट सांगाडे) मऊ पडले.

पट्टे, दिवे, सुरक्षेची साखळी हे आपण पाहिले असेलच, त्यात शिरत नाही. ट्रेलर डोलतो तो बहुधा गाडीच्या हुकावर पुरेसा भार नसल्यामुळे. बोट पुढे घेतल्यावर भार मिळतो, पण खालचे रोलर जागच्या जागी राहतात आणि हलच्या भलत्याच भागाखाली येतात. दोन्ही हल जोडणाऱ्या आडव्या दांड्यांचे खांब ज्या ठिकाणी हलवर उतरतात ती जागा भक्कम असते. त्यांच्या मधल्या भागात फोमच्या दोन्ही बाजूंना फायबरचे पातळ थर, एवढेच. त्यातून माझ्या ट्रेलरचे कमानपाटे जड मोटरबोटीसाठी बनवलेले, त्यामुळे १४५ किलोच्या बोटीखाली ते दबतच नसत आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट त्या पातळ भागाला बसे. अंगठ्याने दाबल्यावर कुरकुर आवाज आला, तेव्हा थर फोमपासून सुटल्याचे कळले. भोके पाडून आत इपॉक्सी भरण्यात पुढचा सबंध हंगाम गेला, आणि हल पूर्वीसारखे झाले असे आजही म्हणवत नाही.

मी अभियंता नाही आणि हा एकाच ट्रेलरचा अनुभव आहे, तरीही माझे मत ठाम आहे: रोलर आधी खांबांखाली आणा, मग बोटीला हात लावू नका, अ‍ॅक्सल (चाकांचा आस) मागे घ्या. डोलकाठी, सुकाणू, सामानाची पेटी असे सारे प्रवासात असते तसे चढवून, ट्रेलरचे तोंड हुकाच्या उंचीवर ठेवून त्याखाली घरचा वजनकाटा लावा. माझे एकूण वजन ३२५ किलोच्या आसपास भरते आणि तोंडावर मी सुमारे ८ टक्के, म्हणजे २६ किलो ठेवतो. १० ते १५ टक्के हवेत असे सांगणारेही पुष्कळ आहेत, पण गाडीच्या आणि हुकाच्या पुस्तिकेतील मर्यादा ओलांडू नये. हुकापासून अ‍ॅक्सल ४ मीटरवर असेल, तर तो १० सेंटीमीटर मागे घेतल्यावर तोंडावर साधारण ७ किलो वाढतात. थोडेच कमी पडत असेल तर सामानाची पेटी पुढे नेऊन पाहा, पाने-हातोडी काढावीच लागणार नाही. अ‍ॅक्सलची बैठक यू-बोल्टवर नसून वेल्ड केलेली असेल तर मात्र घरी खटाटोप करू नका.

अ‍ॅक्सल घट्ट करण्यापूर्वी हुकापासून त्याच्या दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर मोजा. माझ्याकडे २ सेंटीमीटरचा फरक राहिला आणि ट्रेलर तिरका चालून टायर एका कडेने झिजले. पहिल्या प्रवासानंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा. आणि मडगार्ड अ‍ॅक्सलबरोबर मागे न्या. मी ते विसरलो होतो, पहिल्याच मोठ्या खड्ड्यात टायर त्याला घासला.