जॉन हॅनकॉक यांचे बोस्टनमधील घर का टिकले नाही?

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सर्वांत ठसठशीत सही करणाऱ्या जॉन हॅनकॉक यांचे घर युद्धात नष्ट झाले का, असे आपण विचारले आहे. युद्धातून ते वाचले होते. पाडले गेले ते पुढे १८६३ मध्ये, आणि माझ्या मते जागेच्या चढलेल्या भावानेच त्याचा घास घेतला.

हे दगडी घर जॉन यांचे काका थॉमस हॅनकॉक यांनी १७३७ च्या सुमारास बोस्टनमधील बीकन हिल या टेकडीच्या उतारावर बांधले, तेव्हा त्या बाजूला फारशी वस्ती नव्हती. पुस्तकविक्रीपासून सुरुवात करून बडे व्यापारी झालेल्या थॉमस यांची हौस दांडगी होती. भिंतींवर लावायच्या कागदावर मोर, खारी, माकडे आणि फळेफुले हवीत, असे त्यांनी लंडनला लिहून कळवले होते. बागेसाठी तिकडूनच मागवलेल्या बियाण्यांपैकी ॲस्परॅगसखेरीज काहीच उगवले नाही, तेव्हा विक्रेत्याला त्यांनी खरमरीत पत्र धाडले. या थाटामागे घरातील गुलामांचे कष्ट होते, हेही नमूद केले पाहिजे.

थॉमस १७६४ मध्ये निपुत्रिक वारले आणि यथावकाश घर पुतण्याकडे आले. जॉन यांची दोन्ही अपत्ये लहानपणीच दगावली होती. १७९३ मध्ये ते मृत्युपत्र न करताच गेले आणि मालमत्ता पत्नी व नातलगांत वाटली गेली. त्यांच्याच कुरणावर १७९५ मध्ये स्टेट हाउसची, म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळ भवनाची, पायाभरणी झाली, टेकडीला प्रतिष्ठा आली आणि, आपल्याकडच्या वाड्यांचे होते तसेच, वास्तूपेक्षा तिच्याखालची जमीन मोलाची ठरली.

राज्यपालांच्या निवासस्थानासाठी राज्य सरकारने हे घर विकत घ्यावे, असा प्रस्ताव १८५९ मध्ये आला, पण तो तडीस गेला नाही. जमीन विकली गेल्यावर घर उचलून दुसरीकडे नेण्याचाही विचार झाला. तोही खर्चापायी बारगळला. ज्या राज्याने कुरण घेतले, त्यालाच घर परवडू नये, हे मला आजही पटत नाही. त्या जागी उभी राहिलेली श्रीमंतांची घरेही पुढे स्टेट हाउसच्या विस्तारात गेली.

सुदैवाने जॉन हबर्ड स्टर्जिस या वास्तुविशारदाने पाडण्यापूर्वी घराची मोजमापे घेऊन आराखडे काढून ठेवले होते. न्यूयॉर्क राज्यातील टिकॉन्डरोगा येथे १९२६ मध्ये बांधलेली प्रतिकृती आजही पाहता येते.