नायिका वेगळी, पण खरी वाटत नाही

प्रश्न: माझ्या कुमार कादंबरीतली १६ वर्षांची नायिका चारचौघींपेक्षा वेगळी आहे. तरी कच्चा खर्डा वाचलेल्यांना तिचं वेगळेपण ओढूनताणून आणलेलं वाटतं. कुठे चुकलं?

उत्तर: बहुधा तिच्याभोवतीचा घोळका धूसर राहिलाय. आधी त्या गटाचे तीन-चार अलिखित नियम कागदावर मांडा: कोण कुठे बसतं, कुणाच्या विनोदावर हसायचंच, मेसेजला किती वेळात उत्तर द्यायचं. पहिल्या दोन प्रकरणांत नायिकेला ते मनापासून पाळू द्या. जिला सामील व्हायची ओढच नाही, तिला वेगळं होताना काही गमवावंच लागत नाही.

नियम मोडण्याचा पहिला प्रसंग लहान घ्या. सगळ्या हसतात, ती क्षणभर उशिरा हसते आणि शेजारची ते टिपते. एवढं पुरतं. रंगवलेले केस, विचित्र छंद हे वरून चिकटवल्यासारखे दिसतात.

रॉबर्ट कॉर्मियर यांच्या १९७४च्या ‘द चॉकलेट वॉर’ या कादंबरीत जेरी शाळेची चॉकलेटं विकायला नकार देतो. पहिले १० दिवस तो नकार म्हणजे एका गुप्त टोळीचा हुकूम असतो. मुदत संपल्यावरही तो ‘नाही’च म्हणतो, तेव्हा नकार त्याचा स्वतःचा होतो. ही चढण जरूर अभ्यासा.

बाजू घेणारी मैत्रीण कधी आणायची, हेही जपून ठरवा. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांत गटातले बाकीचे ठरवून चुकीचं उत्तर देत; त्यांच्यातला एकच साथीदार खरं बोलला, की चुकीच्या बहुमतापुढे झुकण्याचं प्रमाण सुमारे चौथाईवर येई. मैत्रीण लवकर आली तर ताण तिथेच विरतो. निम्मी कथा होऊ द्या.