लेडीज स्केटच घ्यायचे का, आणि चाकं ८० ची की ११० ची?

अगं, तू विचारलंयस की शहरातल्या रस्त्यावर फिरायला आणि आठवड्यातून तीनदा फिटनेससाठी पहिले इनलाइन स्केट (एका रांगेत चाकं असलेले) घ्यायचेत, पाय २४.३ सेंटीमीटर, तर लेडीज मॉडेलच लागतं का आणि थेट ११० ची, म्हणजे ११० मिलिमीटर व्यासाची, चाकं घेतली तर जमेल का. तर चाकांचा विचार नंतर कर, आधी बूट.

लेडीज मॉडेल म्हणजे फक्त रंग वेगळा असं बऱ्याच जणींना वाटतं, पण चांगल्या कंपन्यांच्या लेडीज बुटात टाच थोडी अरुंद असते आणि मागचा कफ, म्हणजे घोट्यावरचा बुटाचा वरचा भाग, जरा खाली किंवा बाहेर पसरलेला असतो, कारण सर्वसाधारणपणे बायकांची पोटरी पायावर खालपासून भरायला लागते आणि उंच कफ तिथेच रुततो. तुझी टाच नेहमीच्या शूजमधून निसटत असेल तर लेडीजच घे. पाऊल रुंद असेल तर मात्र युनिसेक्स घालून बघ, त्यात काही कमीपणा नाही.

मापाच्या बाबतीत मी पहिल्यांदा फसले होते, दुकानदार म्हणाला एक नंबर मोठा घ्या, आरामात राहील, आणि मी ऐकलं. महिनाभर टाच वर उचलली जायची, घोटे आत पडायचे आणि मला वाटायचं माझ्याच पायात ताकद नाही! बूट बदलले आणि दोन आठवड्यांत घोटे सरळ झाले. म्हणून संध्याकाळी पाय जरा सुजलेले असताना टाच भिंतीला टेकवून दोन्ही पावलं मोज, मोठं असेल ते धर, आणि बुटांवरचा सेंटीमीटरचा आकडा बघ, नेहमीचा शू नंबर नाही. तुझ्यासाठी २४.५ आधी घाल. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे अस्तराला जेमतेम लागली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. घरात पंधरा-वीस मिनिटं घालून बस, उठ, वाक. घट्ट वाटलं तर चालेल कारण आतलं अस्तर वापरून दबतं, पण मुंग्या आल्या किंवा एकाच जागी टोचलं तर ते नको.

आता चाकं. ११० ची तीन चाकं भेगा आणि खडबडीत डांबर सहज ओलांडतात, लांब अंतरावर दम वाचतो हे खरं, पण पाय जमिनीपासून बराच वर जातो, सुरुवातीला वेग घ्यायला जोर लागतो आणि सगळा भार घोट्यांवर येतो. शहरात थांबणं, वळणं, चालत्या माणसांना चुकवणं हेच जास्त असतं ना. पहिल्या जोडीला ८० किंवा ८४ ची चार चाकं घे, रस्ता फारच खराब असेल तर ९०. चाकांवर ८२ए, ८५ए असं लिहिलेलं असतं ती कडकपणाची खूण, आकडा कमी तितकं चाक मऊ. मऊ चाक धक्के कमी देतं आणि धरतं छान पण लवकर झिजतं. आबेकचा (ABEC) आकडा बघून स्केट निवडू नकोस, तो बेअरिंगच्या अचूकतेचा आहे, ते स्केट किती पळतील हे त्यावरून कळत नाही.

बूट कडक प्लास्टिकचा की मऊ कापडी? फक्त फिटनेस असेल तर मऊ हवेशीर चालतो, गर्दीत चपळपणे वळायचं असेल तर कडक, घोट्याला आधार देणारा. तुझं दोन्ही आहे तर मी कडकच म्हणेन. फ्रेम, म्हणजे बुटाखालची चाकं धरणारी पट्टी, शक्यतो ॲल्युमिनियमची घे, आणि ती बुटावर डावी-उजवीकडे सरकवता येत असेल तर उत्तम, कारण घोटा आत पडतोय असं वाटलं तर थोडी सरकवून बघता येते.

टाचेचा ब्रेक काढू नकोस, कितीही लोकांनी कूल नाही म्हटलं तरी. आणि मनगटाचे गार्ड पहिल्या दिवसापासून, कारण पडताना हातच पुढे जातो.