वाचकांचे प्रश्न: लाईट गेली की सोलरही का बंद पडते?

प्रश्न: पावसात तारांवर झाड पडले की आमच्याकडे तासन्‌तास लाईट नसते. छपरावर ३ किलोवॉटचे सोलर आहे, पण लाईट गेली की तेही बंद. बॅटरी जोडता येईल का आणि केवढी? (वाळपई, गोवा)

उत्तर: तुमच्या संचात बिघाड नाही. ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर वीज खात्याच्या वाहिनीतला दाब (व्होल्टेज) आणि ५० हर्ट्‌झची वारंवारता पाहूनच चालतो. वाहिनी बंद असताना तो वीज सोडत राहिला, तर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. म्हणून वीज जाताच तो दोनेक सेकंदांत स्वतःला तोडून घेतो. हे संरक्षण कोणी ‘काढून देतो’ म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मार्ग दोन आहेत. इन्व्हर्टर जुना झाला असेल तर त्याच्या जागी सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर बसवायचा. चांगला चालत असेल तर तो ठेवून बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर जोडायचा. दुसऱ्या पद्धतीत लाईट नसताना बॅटरी भरली की नवा इन्व्हर्टर वारंवारता किंचित वाढवतो आणि त्यावरून जुन्याने निर्मिती कमी करायची असते. जुन्या यंत्रात ही सोय नसेल तर सगळा संच वारंवार बंद-चालू होत राहतो. तेव्हा मॉडेलचे माहितीपत्रक आधी पाहा. कोणताही मार्ग घेतलात तरी नेट मीटरिंगच्या (ग्रीडला दिलेली आणि घेतलेली वीज मोजण्याच्या) नोंदीसाठी खात्याला कळवावे लागेल. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला मिळणारे ७८,००० रुपये सोलर संचासाठी आहेत. बॅटरीचा खर्च तुमचाच.

आता आकार. रात्रीचे १० तास धरू: ३० वॅटचे चार बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे १.२ युनिट, फ्रिज सुमारे ०.६, दिवे आणि राऊटर ०.४, एकूण २.२ युनिट. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत ५.१२ युनिट मावतात. ९० टक्क्यांपर्यंतच वापर आणि इन्व्हर्टरमधली घट धरली की हाती साधारण ४.१ युनिट येतात. म्हणजे रात्र निघून ढगाळ सकाळसाठीही थोडी उरते. पंखे ७५ वॅटचे जुने असतील, तर त्याच रात्रीला ४ युनिट लागून बॅटरी पहाटे रिकामी. तेव्हा दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. खर्च कितीतरी कमी.

विहिरीचा पंप मात्र या जोडणीत नको. १ एचपीची मोटर चालताना साधारण १ किलोवॉट घेते, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि ३ केव्हीएचा इन्व्हर्टर ट्रिप होतो.

सर्वात जास्त घोळ वायरिंगमध्ये होतात. बॅकअपच्या सर्किटांसाठी वेगळा डीबी (वितरण पेटी) लागतो, आणि फेजबरोबर न्यूट्रलही वेगळा काढावा लागतो. फेज हलवून न्यूट्रल जुन्याच पट्टीवर ठेवला की आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) कारण नसताना पडत राहतो. मग इलेक्ट्रिशियन वैतागून तोच काढून टाकतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. लाईट नसताना इन्व्हर्टर न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडतो का, हेही विचारा. ती जोडणी नसेल तर उपकरणात गळती होऊनही आरसीसीबी पडेलच याची खात्री नाही. काम संपल्यावर मेन स्विच बंद करून आरसीसीबीचे टेस्ट बटण स्वतः दाबून पाहा.

बॅटरी कौलांखालच्या माळ्यावर नको, एप्रिल-मेच्या उष्णतेने तिचे आयुष्य घटते. जिन्याखालीही नको. पाणी शिरणार नाही एवढ्या उंचीवर, हवा खेळती असलेल्या जागी बसवा. राखीव पातळी (लाईट जाईल तेव्हासाठी बॅटरीत राखून ठेवायचा भाग) जून ते सप्टेंबर ४० टक्के ठेवा, बाकीचे महिने २० पुरे. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन येईल याचाही.

प्रश्न: घर किनाऱ्याजवळ आहे. दोन वर्षांतच पॅनेलच्या सांगाड्याला गंज चढला. (मांद्रे)

उत्तर: सांगाडा बहुधा जागेवर कापून, भोके पाडून बसवला असावा. तिथला जस्ताचा थर गेला की गंज तिथूनच आत शिरतो. कापलेल्या कडा तारेच्या ब्रशने घासून जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्या. नवा सांगाडा घेतलात तर हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला थर), ८० मायक्रॉन, असे बिलावर लिहून घ्या. बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे. ३०४ खाऱ्या हवेत डागाळतात. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील टेकतात तिथे मध्ये नायलॉनचा वॉशर हवा, नाहीतर खाऱ्या ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते. पॅनेलच्या तारा जोडणारे एमसी-४ कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे असावेत. वेगवेगळे असले तरी बसल्यासारखे वाटतात, पण सांधा तापून वितळतो. धुताना गोडे पाणी, तेही सकाळी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

प्रश्न: स्मार्ट मीटर आला तर स्कूटर कधी चार्ज करावी? (म्हापसा)

उत्तर: दुपारी. २०२३ च्या केंद्रीय नियमांत शेती सोडून इतर ग्राहकांसाठी स्मार्ट मीटर बसल्यावर वेळेनुसार दर आहेत: दिवसा उन्हाच्या ८ तासांत (सौर तास) किमान २० टक्के स्वस्त, गर्दीच्या वेळी घरगुतीला किमान १० टक्के महाग. नेमके तास आणि दर संयुक्त विद्युत नियामक आयोगाच्या आदेशात पाहा. ३ युनिटची बॅटरी असलेल्या स्कूटरला भिंतीतून साधारण साडेतीन युनिट लागतात, त्यामुळे बचत फार मोठी नाही.  चार्जर एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. १६ अँपिअरच्या सॉकेटवर थेट लावा.

प्रश्न: सोडियम बॅटरीसाठी थांबावे का? आणि घरी हायड्रोजन? (फोंडा)

उत्तर: सोडियम-आयन बॅटरीचा मोठा गुण म्हणजे कडाक्याच्या थंडीतही ती चांगली चालते. फोंड्यात त्याचा काय उपयोग? तेवढ्याच विजेसाठी ती लिथियमपेक्षा जागाही जास्त घेते. थांबू नका. हायड्रोजन घरासाठी नाहीच: १ किलो तयार करायला ५० युनिटांहून जास्त लागतात आणि हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमधून त्यातले सोळा-सतरा परत मिळतात. बॅटरी तेवढ्याच विजेतून चाळिसाच्या वर परत देते.