‘आणखी एक जोडा’ दाबल्यावर आलेल्या टेक्स्टएरियावर एडिटर का बसत नाही

प्रश्न थोडक्यात असा: फॉर्मच्या पहिल्या रांगेत टायनीएमसीई (टेक्स्टएरियाला, म्हणजे अनेक ओळींच्या मजकुराच्या चौकटीला, ठळक-तिरपं करण्याची बटणं देणारा एडिटर) व्यवस्थित चालतो, पण बटण दाबून आलेल्या नव्या रांगेत साधा टेक्स्टएरियाच दिसतो. पहिली रांग क्लोन (नक्कल) करून पाहिली तर टूलबार येतो, पण एक अक्षर टाइप होत नाही. दोन्हींचं मूळ एकच आहे: एडिटर क्लासला किंवा नावाला चिकटत नाही, पानावरच्या एका ठरावीक घटकाला चिकटतो.

सीएसएसमध्ये क्लासला नियम लिहिला की पुढे येणाऱ्या घटकांनाही तो लागू होतो. इनिटला (एडिटर बसवणाऱ्या फंक्शनला) दिलेला सिलेक्टर, म्हणजे कोणते घटक निवडायचे ते सांगणारी खूण, तसा नाही. इनिट चालतं त्या क्षणी जेवढे टेक्स्टएरिया सापडतील तेवढ्यांवर एडिटर बसतो, आणि विषय संपला. नंतर आलेल्यांसाठी पुन्हा बोलवावं लागतं.

क्लोनचं दुखणं जरा निराळं. एडिटर बसला की मूळ टेक्स्टएरिया लपतो आणि शेजारी टूलबार व आयफ्रेमचा (पानातल्या छोट्या पानाचा) डबा उभा राहतो. क्लोनमध्ये हा सांगाडा येतो. आयफ्रेमच्या आतला मजकूर आणि बटणांना जोडलेले इव्हेंट येत नाहीत. वर टेक्स्टएरियाचा आयडीही तोच. म्हणून चालू एडिटर असलेली रांग कधीही क्लोन करू नका. कोरी रांग टेम्प्लेट टॅगमध्ये ठेवा. त्यातला मजकूर डॉक्युमेंटचा भाग नसतो, त्यामुळे सिलेक्टरला तो सापडत नाही आणि त्यावर चुकून एडिटर चढत नाही.

आता क्रम. टेम्प्लेटची प्रत घ्या, टेक्स्टएरियाला नवा आयडी आणि नेम द्या, रांग पानात जोडा, आणि मगच इनिट करा. सिलेक्टरऐवजी टार्गेट हा पर्याय वापरून तोच एक घटक हातात द्या. जोडण्याआधी इनिट केलं तर एडिटर अर्धवट उठतो. इनिट असिंक आहे, काम संपायची वाट न बघता प्रॉमिस (काम नंतर पूर्ण होईल याची पावती) परत देतं; त्याच्या पुढच्याच ओळीत सेटकंटेंटने मजकूर घातलात तर तयार नसलेल्या एडिटरशी गाठ पडते. सोपा मार्ग म्हणजे सुरुवातीचा मजकूर आधी टेक्स्टएरियातच घाला, एडिटर तो उचलतो.

आयडीत सगळ्यात जास्त लोक फसतात. समजा रांगा ०, १, २ आहेत आणि नवा क्रमांक रांगा मोजून काढता. १ नंबरची रांग काढली, उरल्या दोन, नव्या रांगेला पुन्हा २ मिळाला. त्या आयडीचा एडिटर आधीच चालू आहे, म्हणून टायनीएमसीई ना एरर देतो ना नवा एडिटर, गप्प बसतो. त्यासाठी फक्त वाढणारा काउंटर ठेवा, कितीही रांगा काढल्या तरी तो मागे येता कामा नये. मधले क्रमांक गायब असले तर सर्व्हरला ते चालतं का, एवढं तपासा. जँगो या पायथॉन फ्रेमवर्कच्या फॉर्मसेटला (एकाच पानावरच्या अनेक फॉर्मांच्या संचाला) मात्र एकूण फॉर्मचा लपवलेला आकडा आणि फॉर्मांचे क्रमांक जुळलेले लागतात. तिथे रांग काढण्याऐवजी डिलीटची खूण करून ती नुसती लपवलेली बरी.

रांग काढताना आधी त्या एडिटरवर रिमूव्ह, मग रांग डॉममधून (पानाच्या घटकांच्या झाडातून) बाहेर. उलट केलंत तर एडिटरच्या यादीत मेलेली नोंद राहू शकते. रांगा ड्रॅग करून वरखाली करायच्या असतील तर हेच जास्त महत्त्वाचं आहे: आयफ्रेम जागेवरून हलली की ब्राउझर ती नव्याने लोड करतो आणि एडिटर कोरा पडतो. ड्रॅग सुरू होताना रिमूव्ह करा, सोडल्यावर पुन्हा इनिट. रिमूव्ह करताना मजकूर टेक्स्टएरियात परत लिहिला जातो, त्यामुळे काही हरवत नाही.

सबमिट. साध्या सबमिटला एडिटर स्वतःच मजकूर टेक्स्टएरियात उतरवतो. फेचने, म्हणजे जावास्क्रिप्टमधून, पाठवत असाल तर फॉर्मडेटा बनवण्याआधी ट्रिगरसेव्ह बोलवा, नाहीतर जुना किंवा रिकामा मजकूर जाईल. सीकेएडिटर ५ या दुसऱ्या एडिटरमध्ये हेच काम अपडेटसोर्सएलिमेंट करतं. टेक्स्टएरियावरचा रिक्वायर्ड (भरणं सक्तीचं) हा गुणधर्मही काढून टाका: लपलेल्या घटकावर ब्राउझरला फोकस नेता येत नाही, सबमिट अडतं, आणि वापरणाऱ्याला कारण दिसतच नाही, तक्रार फक्त कन्सोलमध्ये. तपासणी स्वतः लिहा.

क्विल हा आणखी एक एडिटर वापरणाऱ्यांसाठी काही गोष्टी. तो टेक्स्टएरियावर बसत नाही, डिव्हवर बसतो. फॉर्मसाठी लपवलेलं इनपुट वेगळं ठेवून टेक्स्ट-चेंज या इव्हेंटला ते भरावं लागतं. आणि त्याचा टूलबार डिव्हच्या आत नसून आधी, शेजारी घातला जातो. नुसता डिव्ह काढला तर टूलबार लटकत राहतो, म्हणून दोघांभोवती एक वेष्टन डिव्ह हवाच. रिकाम्या क्विलचं एचटीएमएलही रिकामं नसतं, त्यात परिच्छेद आणि ब्रेकचा टॅग असतो. ‘काही लिहिलंय का’ हे गेटटेक्स्टचं उत्तर ट्रिम करून बघा.

जँगो ॲडमिनमधल्या इनलाइनला (मुख्य फॉर्मच्या आतच येणाऱ्या जोडफॉर्मांना) टेम्प्लेट टॅग नसतो. तिथली कोरी रांग पानावरच लपलेली असते आणि तिच्या आयडीत ‘प्रीफिक्स’ हा शब्द आगेमागे दोन-दोन अंडरस्कोअरसह असतो. पान लोड होताना असे आयडी गाळा, नाहीतर क्लोनचं दुखणं न बोलावता येतं. नव्या रांगेसाठी ‘फॉर्मसेट:ॲडेड’ हा इव्हेंट ऐका, जँगो ४.१ पासून तो जेक्वेरीचा नसून साधा जावास्क्रिप्ट इव्हेंट आहे, त्यामुळे जुने हँडलर तिथे बदलावे लागतात.

रांगा वीस-तीस होणार असतील तर सगळ्यांवर एकदम एडिटर चढवू नका, प्रत्येकाची आयफ्रेम वेगळी असते आणि पान जड होतं. टेक्स्टएरियावर क्लिक झाल्यावरच इनिट करा.